बोथट्याला धार नको

अवजारं माणसांच्या देखत भांडत असत, त्या काळातली ही गोष्ट. एका सुताराच्या पेटीत ज्याची धार जास्त, त्याचा मान जास्त असे. तिथे एकदा ड्रिलचं एक जाड बिट राहायला आलं. त्याच्या तोंडाला धारच नव्हती. सगळ्यांनी त्याचं नाव बोथट्या ठेवलं.

"ए बोथट्या, कानशीपुढे तोंड कर," पेटीची कारभारीण पटाशी म्हणाली. "धार लावून घे, नाहीतर भंगारात जा."

"नाही लावून घेणार. मी दगडासाठी घडलोय. हे तोंड घासलंत, तर मी कुठल्याच कामाचा राहणार नाही."

"धार नाही, पण तोरा बघा!" रंधा हसला.

त्याच दुपारी पेटी टांगायला दगडी भिंतीत भोक पाडायचं ठरलं. पहिला मान लाकूड भोकणाऱ्या अणकुचीदार बिटाला मिळाला. ते भिंतीवर किंचाळलं, तापून निळं पडलं, पण भिंतीला नुसता ओरखडा उठला. मग बोथट्या गेला. ठोके खात, दगडाचा भुगा करत तो थेट आत शिरला.

पेटी भिंतीवर चढली. पटाशीचा सूर बदलला. "बोथटराव, आता सुतार करतोय त्या पाळण्याच्या सागवानी फळीलाही तुम्हीच भोकं पाडा."

"नाही पाडणार. माझ्याने लाकूड फाटेल. ते काम या निळ्याचं आहे, कानशीपुढे त्याला न्या. आणि मला बोथट्याच म्हणा."