बांगडीवाल्याने गाळलेला शब्द

फार फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात एक बांगडीवाला राहत होता म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की मी काही त्याला पाहिलेलं नाही. जुन्या माणसांनी सांगितलं, मी ऐकलं. तेव्हा मुलांनो, आणि मुलांच्या मागे भिंतीला टेकून आपण ऐकतच नाही असं दाखवणाऱ्या मोठ्या माणसांनो, तुम्हीही हे 'म्हणे' धरूनच ऐका.

बांगडीवाल्याचा बाप बांगड्याच विकायचा. त्याने म्हातारपणी पेटी मुलाच्या खांद्यावर दिली आणि सांगितलं, "पोरा, आपण बायकांच्या हातात बांगड्या भरतो आणि कानात बातम्या. बांगडी फुटली तर दुसरी भरता येते. बातमीचं तसं नाही. म्हणून तीन शब्द गाठीला बांध. डोळ्यांनी पाहिलंस तर 'आहे' म्हण. कानांनी ऐकलंस तर 'म्हणे' म्हण. आणि नुसतं डोक्यात आलं असेल तर 'मला वाटतं' म्हण."

मुलगा गुणाचा होता. सात गावं हिंडायचा, ओट्यावर पेटी उघडायचा, आणि बापाचे तीन शब्द जपून वापरायचा. पलीकडे धान्य पिकलं आहे, पाहून आलो. दरबारात नवा प्रधान आलाय म्हणे. यंदा आंबा कमी येईल असं मला वाटतं. बायका हूं हूं करायच्या, बांगड्या भरून घ्यायच्या आणि घरात जायच्या. बातमी ऐकून कुणाची झोप उडाली नाही की कुणाचा संसार मोडला नाही.

मग एक दिवस पाटलीणबाई बांगड्या भरायला बसल्या. बाईंचा हात दणकट, आणि हौस लहान मापाच्या बांगडीची. बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली ती अडलीच. बाई कळवळल्या. त्यांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून बांगडीवाला म्हणाला, "राजा आजारी आहे म्हणे."

"असेल मेला! राजे काय, पडतातच आजारी. तू आधी माझा हात सोड, जीव चालला माझा!"

बांगडीवाल्याला काय सुचलं कोण जाणे. तो म्हणाला, "आजारी कसला, अंथरुणाला खिळलाय! आणि राणीने खजिन्याच्या किल्ल्या आपल्या कमरेला लावल्यात."

"काय सांगतोस काय!" पाटलीणबाईंनी आ वासला, हात सैल पडला, आणि बांगडी सुळकन मनगटात गेली.

झालं. बांगडीवाल्याला धंद्यातली खुबी सापडली. 'म्हणे' म्हटलं की हात ताठ राहतो, 'म्हणे' गाळलं की हात सैल पडतो. मग कशाला म्हणा 'म्हणे'? चार दिवसांनी त्याने 'मला वाटतं'ही सोडून दिलं. तोंडात राहिलं एकटं 'आहे'.

आता त्याच्या पेटीभोवती बायका दाटू लागल्या. बायकांमागून पुरुष आले. ओटा पुरेना, म्हणून गावोगावी त्याला पारावर बसवू लागले. तिथे बसून तो बोलायचा. राजाला राज्य कळत नाही. दवंडीवाला दरबारचं खातो आणि दरबारचंच गातो. कीर्तनकारबुवांचं वैराग्य दक्षिणा पदरात पडेपर्यंत. आणि हल्लीच्या पोथ्या? त्यांत काही राम उरलेला नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. लोक मान डोलवायचे, त्याला गूळपाणी द्यायचे, आणि घरी जाऊन तेच शेजाऱ्याला ऐकवायचे.

खोटं बोलायला नको. त्याचं सगळंच चुकीचं होतं असंही नाही. तो दवंडीवाला खरोखरच लबाड होता. बुवाही काही फार विरक्त नव्हते. पण यातलं पाहिलेलं कुठलं, ऐकलेलं कुठलं आणि नुसतं वाटलेलं कुठलं, हे ओळखायची खूणच त्याने पुसून टाकली होती.

त्याची बायको शहाणी होती. ती एकदा म्हणाली, "अहो, परवा राणीने राजाला कोंडलं होतं, आज राजाने राणीला कोंडलंय. नक्की कोण कोणाला कोंडतंय?"

"तुला राजकारण कळत नाही."

"नसेल कळत. स्वयंपाक कळतो. भात कच्चा राहिला तर तुम्ही पानावरून उठता. लोकांना मात्र रोज कच्चाच वाढून येता."

बांगडीवाला हसला आणि पेटी उचलून निघाला.

त्या फेरीत लांबच्या एका बाजारात त्याने दोन तेल्यांचं बोलणं ऐकलं. नवी पोथी निघाली आहे, लोक हातोहात उतरवून घेताहेत, लिहिणाराने नाव घातलेलं नाही, आणि तीत देवी भिकारणीच्या वेषात येते म्हणे. एवढंच. पहिल्या गावात बांगडीवाला म्हणाला, "नवीन पोथीत देवी भिकारीण आहे." दुसऱ्या गावात म्हणाला, "पोथीत देवीला भिकारीण म्हटलं आहे." तिसऱ्या गावापर्यंत पराचा कावळा झाला. "देवीची निंदा आहे! असल्या माणसाला वेशीच्या बाहेर काढलं पाहिजे!"

एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाबा, तू वाचलीस का ती पोथी?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" बांगडीवाला म्हणाला.

काकणाची म्हण बांगडीवाल्याच्याच तोंडून आली, तेव्हा पार खदखदून हसला. म्हाताराही हसला, आणि प्रश्न तिथेच राहिला. सातही गावांत एकच बोलबाला झाला, की देवीची निंदा झाली आहे.

महिन्याने बांगडीवाला घरी आला. दुपारची वेळ होती. बायको उंबऱ्यावर बसलेली, चूल थंड.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"सकाळी गावात एक बैरागी आला होता. त्याच्या झोळीत ती पोथी निघाली. लोकांनी त्याला झाडाला बांधलं. मारणार, तेवढ्यात पंतोजी शाळेतून धावत आले. म्हणाले, 'त्याला सोडा. पोथी मी लिहिली आहे.'"

पंतोजी म्हणजे गावातल्या मुलांना देवळाच्या ओसरीवर शिकवणारे, साऱ्या गावाची पत्रं लिहून देणारे आणि वाचून दाखवणारे. आणि बांगडीवाल्याचा लहानपणापासूनचा मित्र. दोघांच्या पाठीवर एकाच गुरूची छडी वाजलेली होती.

"पारावर पंच बसलेत," बायको म्हणाली. "दिवस मावळायच्या आत पंतोजींनी गाव सोडायचं, नाहीतर झाडाला ते बांधले जातील."

"पण त्याने पोथी कधी लिहिली? मला कसं माहीत नाही?"

बायको उठली. फळीवरून एक बासन काढलं, फडक्याने धूळ झटकली आणि त्याच्यापुढे ठेवलं. "पाडव्याला देऊन गेले होते. पहिली प्रत. म्हणाले, 'वहिनी, त्याला वाचायला सांगा, आणि कशी वाटली तेवढं मला सांगायला सांगा.' चारदा विचारायला आले. तुम्ही चारही वेळा म्हणालात, सवड नाही, सात गावं वाट बघताहेत. मुलांचे कित्ते असतील म्हणून बांधून ठेवलंत."

बांगडीवाल्याने गाठ सोडली आणि तिथेच उंबऱ्यावर पोथी वाचली. देवी भिकारणीच्या वेषात एका गावात येते. दारोदार पाणी मागते. जो तो देवीच्याच पूजेत गढलेला, कुणाला पाणी द्यायला फुरसत नाही. शेवटच्या झोपडीत एक बाई तिला पाणी देते, वर आपल्यातली अर्धी भाकरी देते. देवी तिच्या घरी राहते. निंदा तर कुठे नव्हतीच. पानापानावर देवीबद्दल इतकी माया होती, की बांगडीवाल्याला रडू कोसळलं. आपण काय करून बसलो हे त्याला कळलं, आणि पोथी छातीशी धरून तो पाराकडे धावत सुटला.

पारावर सारा गाव जमला होता. पंतोजी एका बाजूला उभे होते, हात जोडलेले, चेहरा शांत.

"ऐका!" बांगडीवाला धापा टाकत ओरडला. "या पोथीत देवीची निंदा नाही!"

पाटील नाक मुरडून म्हणाले, "निंदा नाही म्हणे!"

सारा पार हसला. हा शब्द मोठा विलक्षण आहे बघा. सावधपणे बोललं तर तो बोलणाऱ्याचा प्रामाणिकपणा. आणि नाक मुरडून बोललं तर तोच समोरच्याचा खोटेपणा. बांगडीवाल्याने तो टाकून दिला होता. लोकांनी तो उचलून त्याच्याच तोंडावर मारला.

"मी वाचली आहे हो!"

"वाचली म्हणे!"

पाटलीणबाई पुढे आल्या. "तूच गावोगाव सांगितलंस ना, निंदा आहे? 'आहे' म्हणालास. आज मित्र अडकला तर 'नाही' म्हणतोस. आम्ही काय तुझ्या पेटीतल्या बांगड्या आहोत, तुझ्या मर्जीने कुठल्याही हातात भरायला?"

"मग तुम्ही वाचा! ही घ्या पोथी. कुणीही वाचा!"

पुजारी दोन पावलं मागे सरले. "बाटलेली पोथी हातात कोण घेईल? आणि वाचायची गरजच काय? हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"मी न वाचता बोललो होतो," बांगडीवाला म्हणाला. "मी खोटं बोललो. माझ्या पायताणाने मला मारा, पण त्याला जाऊ देऊ नका."

पाटील काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "तेव्हा खोटं बोललास की आत्ता बोलतोयस, हे आम्ही कशावरून ओळखायचं? काहीतरी खूण सांग."

ती खूण बांगडीवाल्याने स्वतःच पुसून टाकली होती. पंचांनी निकाल कायम केला.

ऊन उतरायच्या सुमारास पंतोजी निघाले. एक गाठोडं आणि एक तांब्या, एवढंच घेतलं. नदीच्या उतारापाशी बांगडीवाला वाट अडवून उभा होता. त्याने पंतोजींचे पाय धरले. पंतोजींनी त्याला उठवलं.

"वाचलीस?" त्यांनी विचारलं.

"आज वाचली."

"कशी वाटली?"

राजापासून बुवांपर्यंत कुणाविषयीही ज्याला कधी शब्द कमी पडला नव्हता, त्याला शब्द सापडेना. शेवटी तो एवढंच म्हणाला, "फार चांगली आहे."

पंतोजींचा चेहरा उजळला. लिहिणाऱ्या माणसाचा उजळतोच, वेळ कुठलीही असो. "शेवट जरा लांबलाय, असं मला वाटतं," ते म्हणाले. मग धोतर गुडघ्यापर्यंत खोचून ते पाण्यात उतरले आणि पलीकडच्या काठाने चालू लागले. बांगडीवाला ते दिसेनासे होईपर्यंत उभा राहिला.

देवळाच्या ओसरीवर पुन्हा शाळा भरली नाही. मुलं गुरांमागे गेली. गावात एखादं पत्र आलं तर ते वाचून घ्यायला तीन कोस चालावं लागे, आणि वाचणारा सांगेल तेच खरं धरावं लागे.

बांगडीवाल्याने बापाचे तीन शब्द पुन्हा जवळ केले. आता तो एकही शब्द चुकीच्या जागी वापरत नसे. पण त्याचा काही उपयोग नव्हता. एकदा तो धावत आला आणि ओरडला, "खालच्या आळीच्या गवताच्या गंजीला आग लागली आहे, मी पाहून आलो!" लोक पारावरून हलले नाहीत. "लागली म्हणे!" म्हणून हसत बसले, आणि निम्मी गंज जळाल्यावर धुराने त्यांना उठवलं. त्याबद्दलही लोकांनी त्यालाच बोल लावला.

अशी बारा वर्षं गेली. एक दिवस नदीपलीकडून आलेला एक वाटसरू सांगून गेला, की दूरच्या एका राज्यात एक म्हातारे पंतोजी आहेत, मोठी शाळा चालवतात, मुलं त्यांच्यावर जीव टाकतात. बांगडीवाला घरी आला. बायकोला हे सांगताना 'म्हणे' गाळावं असं त्याला फार फार वाटलं. साऱ्या आयुष्यात इतकं कधी वाटलं नव्हतं.

"पंतोजी सुखात आहे..." तो म्हणाला आणि थांबला. त्याने पाहिलं नव्हतं.

"म्हणे," त्याने वाक्य पुरं केलं, आणि डोळे पुसले.

तर लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: न पाहिलेल्याला जो 'आहे' म्हणतो, त्याने पाहिलेलंही पुढे कुणी खरं धरत नाही.