समुद्र उभा राहतो तेव्हा

“...ते सगळं खरं, बुवा. पण तो ग्रह जिवंत वाटतो की नाही?” शार्दूलने विचारलं.

अच्युतबुवा अजून समोरच्या धोतराकडेच पाहत होते.

धोतर त्यांचंच. मठाच्या कोठीघराची दारं भर दुपारी लावून घेतली होती, दोन खांबांना ते मी, बुवांच्या शिष्याने, ताणून बांधलं होतं आणि शार्दूल राजोपाध्येने त्यावर आपला नवा सिनेमा दाखवला होता. तरुणपणी हा शार्दूल बुवांपाशी राहून गेलेला. आता तो मोठा दिग्दर्शक झाला होता आणि ते तो कुणाला विसरू देत नसे.

सिनेमा एका परक्या ग्रहाचा. खोटं कशाला बोलू, मी असं काही जन्मात पाहिलं नव्हतं. तिथल्या आकाशात या टोकापासून त्या टोकापर्यंत रुपेरी कमान. झाडं काचेची; ऊन उतरलं की गार होता होता ती वाजू लागायची. आणि समुद्र? चंद्र डोक्यावर आला की तो सगळाच्या सगळा उठून उभा राहायचा. पाण्याची भिंतच. तिच्या पोटात पोहणारे मासे दिसायचे.

समुद्र उठला तेव्हा बुवांनी झटकन पाय वर घेतले होते. भिजतील म्हणून.

मला हसू आलं. शार्दूलला आलं नाही.

“मुंबईत काही लोकांना दाखवला,” तो म्हणाला. “टाळ्यांवर टाळ्या पडल्या. बाहेर आले आणि जेवायला कुठे जायचं ते बोलू लागले. तिथे परत जावं असं एकालाही वाटलं नाही...”

त्याने धोतराकडे बोट केलं.

“सहा वर्षं मी त्या ग्रहावर काढली आहेत, बुवा. तो मेलेला असेल तर लोकांपुढे नेणार नाही. डब्यात जाऊ दे. पण तुम्ही सांगा. बाकी कुणाचं मी ऐकणार नाही.”

एवढा मानी माणूस, पण हे म्हणताना तो बुवांच्या पायाशी सरकला.

“समुद्र पुन्हा दाखव,” बुवा म्हणाले.

त्याने दाखवला. बुवांनी पुन्हा पाय वर घेतले.

“वा!” ते म्हणाले. मग जरा वेळाने, अगदी मनापासून, “वा रे पठ्ठ्या!”

बुवांच्या तोंडून एवढी शाबासकी मिळालेला माणूस मी तरी पाहिला नव्हता. मला हेवा वाटला, सांगून टाकतो.

“म्हणजे जिवंत आहे?”

“आता ती बाई दाखव,” बुवा म्हणाले.

“कुठली बाई?”

“कोपऱ्यातली. भांडी घासणारी.”

शार्दूलने चित्र तिच्यापाशी थांबवलं. त्याचा चेहरा पडला होता. “तुम्हाला दिसली?”

न दिसायला काय झालं! समुद्र उठतो तेव्हा काठावरचं अख्खं गाव माना वर करून, तोंडं उघडी टाकून पाहत उभं असतं. आणि डाव्या कोपऱ्यात एक म्हातारी समुद्राकडे पाठ करून बसलेली. पाणी पायाशी आलं तशी तिने मान न वळवता भांडी हातभर अलीकडे ओढली आणि पुन्हा घासायला लागली.

“ती चूक आहे, बुवा.” शार्दूल ओशाळला. “शूटिंगच्या वेळी समुद्र नव्हताच. मागे नुसता निळा पडदा. पायाशी थोडं पाणी सोडलं होतं, तेवढंच खरं. माझा माणूस लाल झेंडी हलवायचा, की सगळ्यांनी वर बघून थक्क व्हायचं. हिला झेंडी दिसलीच नाही.”

“का?”

“कामात होती.”

बुवा “हं” म्हणाले.

“दीडशे माणसांत एकटी तीच चुकली. माझ्याही फार उशिरा लक्षात आलं. पण आता संगणकावर पुसून टाकतोय तिला. आजच. तेवढं झालं की त्या प्रसंगात नाव ठेवायला जागा नाही.”

तेवढ्यात त्याच्या हातातला फोन वाजला.

“तोच, संगणकवाला माणूस,” शार्दूल म्हणाला. “पुसायला सांगू ना?”

बुवांनी हात लांब केला, फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि सरळ मांडीखाली ठेवून दिला. फोन तिथे वाजत राहिला. शार्दूल पाहतच राहिला. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तो तिथून उठून गेला असता.

धोतरावर म्हातारी थांबली होती, हातात भांडं धरून. मागे मान उंचावून उभं असलेलं गाव, आणि गावामागे तो अचाट समुद्र.

बुवांनी दोन्ही हात जोडले. कुणाला, ते मला कळलं नाही.

“समुद्र रोज उठतो का रे तिथे?”

“रोज. चंद्र डोक्यावर आला की.”

“एखाद्या दिवशी नाही, असं?”

“छे! ग्रह झाला तेव्हापासून उठतोय.”

मांडीखालचा फोन वाजून वाजून थांबला...

“मग तोंडं उघडी टाकून बघणारी ही बाकीची मंडळी कुठल्या गावची?”