गाण्यातली हरिणी आणि राजाचा स्वयंपाकी

फार जुन्या काळी, यहुदी राजांच्या मुलखात, एका खडकाळ डोंगरावर एक हरिणी राहत असे. डोंगराखाली नगर होते, आणि मुलांनो, त्या नगरातल्या माणसांना हरणावाचून गाणेच सुचत नसे. शिपाई शूर असला की तो हरणासारखा चपळ, नवरामुलगा आला की हरणासारखा देखणा, आणि देवाची आठवण दाटून आली की जीव तहानलेल्या हरिणीसारखा व्याकूळ. संध्याकाळच्या वाऱ्यावर ही गाणी वर येत आणि हरिणी रवंथ थांबवून ऐकत बसे.

ऐकून ऐकून ती हरभऱ्याच्या झाडावर चढली. शेजारच्या म्हाताऱ्या सांबराला म्हणाली, "गाणी माझी, आणि मंदिराच्या वेदीपाशी मान मात्र बोकडाला. त्याच्यावर कोणी एक ओळ तरी रचली का?"

"बोलावलं नाही ना तुला? मग गप चर," सांबर म्हणाले. पण ती कसली ऐकते. सकाळीच मंदिराच्या दारात जाऊन उभी राहिली.

तिथे बोकडांची रांग होती. पहिला बोकड ताठ मानेने म्हणाला, "मागे उभी राहा. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हा मान आहे. अंगावर एक डाग नाही माझ्या." वेदीपाशी गेलेले आजोबा घरी का परतले नाहीत, हे त्याने कधी कोणाला विचारले नव्हते. फारच मानी घराणे ते.

एवढ्यात मंदिराचा सेवक आला. हरिणीला बघून म्हणाला, "रानातलं जनावर वेदीला चालत नाही."

"का? माझ्यात काय कमी आहे?" हरिणीला अपमान सहन होईना. "खूर दुभंगलेले आहेत, रवंथ करते. तुमच्या नियमात बसते मी."

"बसतेस की," सेवक शांतपणे म्हणाला. "म्हणून तर खायला चालतेस." मग शेजारच्या दाराकडे वळून त्याने हाक मारली, "अहो, राजाच्या ताटासाठी हरीण हवं होतं ना? स्वतःच्या पायांनी आलंय."

आतून राजाचा स्वयंपाकी सुरी परजत बाहेर आला. तो गुणगुणत होता, आणि गाणे हरिणीचेच होते. रोज संध्याकाळी वाऱ्यावर येणाऱ्या गाण्यांतला सर्वांत गोड आवाज त्याचाच, हे हरिणीने तत्काळ ओळखले.

रांगेवरून, भिंतीवरून उड्या घेत तिने थेट डोंगर गाठला. स्वयंपाकी सुरी हातात धरून बघतच राहिला.

त्या संध्याकाळी राजाला मसुरीच्या आमटीवर भागवावे लागले, पण गाण्यात हरिणीच्या पायांवर एक नवे कडवे आले. सांबराने विचारले, "मग, मिळाला का मान?"

"मिळाला," धापा टाकत हरिणी म्हणाली. "इथूनच छान ऐकू येतो."

तात्पर्य : आपले गुण गाणाऱ्याच्या घरी जाण्याआधी त्याच्या चुलीवर काय शिजते, तेवढे पाहून घ्यावे.