टाकीवाल्या धुरपाचा दसरा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. पिठाची गिरणी तेव्हा कुणी स्वप्नातही पाहिली नव्हती. उजाडायच्या आत घराघरातून जात्याची घरघर ऐकू यायची. ज्या घरातून ती आली नाही, त्या घरात कुणीतरी आजारी आहे असं शेजारी समजून चालायचे.

त्या काळात कुसळी आणि बोरदरा या दोन गावांच्या मध्ये एक मोठं कुरण होतं. कुरणाच्या मधोमध शिवेवरचा म्हसोबा बसलेला, शेंदराने माखलेला. अलीकडे कुसळी, पलीकडे बोरदरा. कुसळीच्या मुली बोरदऱ्यात द्यायच्या, बोरदऱ्याच्या कुसळीत आणायच्या, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. कोणत्याही घरात गेलं तरी चुलीपुढे दुसऱ्या गावची लेक बसलेली असायची.

मग कुरण कुणाचं यावरून वाकडं आलं. पहिल्या वर्षी शिव्या झाल्या, दुसऱ्या वर्षी लाठ्या. तिसऱ्या वर्षी गवताच्या गंज्या पेटल्या आणि मग माणसं पडायला लागली. सात वर्षांत कुसळीची नऊ गेली, बोरदऱ्याची अकरा. गंमत अशी की ज्या कुरणासाठी हे चाललं होतं, त्यात एकाही गावचं जनावर चरत नव्हतं. भीतीने कुणी सोडतच नव्हतं. गवत कमरेएवढं वाढायचं आणि उभ्याउभ्या वाळून जायचं.

सगळ्यात वाईट दिवस दसऱ्याचा. दसऱ्याला शिव ओलांडायची, सोनं लुटायचं, ही जुनी रीत. दोन्ही गावचे पुरुष हत्यारं पुजून, घरची भाकरी शेल्यात बांधून निघायचे. म्हसोबापुढे भाकरीचा तुकडा ठेवायचा आणि मगच पाऊल पलीकडे टाकायचं. भाकरी ठेवल्याशिवाय शिव ओलांडली तर म्हसोबा त्या घरावर कोपतो, असं म्हणतात. पूर्वी दोन्ही गावं तिथे भेटून एकमेकांना आपट्याची पानं द्यायची. आता तिथेच रक्त सांडायचं.

या दोन्ही गावांत जाऊ शकेल असं एकच माणूस उरलं होतं. ते म्हणजे धुरपा टाकीवाली.

जातं वापरून वापरून गुळगुळीत होतं, दाणा नुसता फिरतो, पीठ पडत नाही. मग हातोडी आणि टाकी, म्हणजे छिन्नी, घेऊन त्याच्या दगडाला बारीक बारीक टाके घालावे लागतात. ते काम धुरपाचं. काळी, उंच, शेलाटी बाई. बोलणं कमी. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, पाठीवर एक झोळी. गल्लीत शिरली की हाक द्यायची, "टाकीऽऽ लावा जात्यालाऽऽ." तिने टाकी लावलेल्या जात्यावर दळताना सासुरवाशिणीचा हात दुखत नाही, असं म्हणतात.

तिच्यावाचून कुणाचंच चालत नव्हतं, म्हणून तिला दोन्ही गावांनी मोकळीक दिली होती. पण अट होती. कुसळीचे रावजी पाटील आणि बोरदऱ्याचे हैबती पाटील, दोघांनीही तिला वेगवेगळं बोलावून एकच गोष्ट सांगितली होती. "धुरपे, ये-जा कर. पण इकडचा एक शब्द तिकडे गेला तर उजवा हात शिवेवर ठेवून जाशील."

धुरपाने मान हलवली होती. सात वर्षं तिने तो शब्द पाळला. लेकी डोळ्यांत पाणी आणून विचारायच्या, "मावशी, माझी आई हाय का गं?" धुरपा जात्यावर वाकायची आणि टाके घालत राहायची. उजवा हात गेला तर टाकीवालीला उरलं काय? पण त्या बायकांचे चेहरे तिला रस्ताभर पुरायचे.

आठव्या वर्षीची खांडेनवमी आली. रावजी पाटलांनी या वेळी निकाल लावायचाच असं ठरवलं होतं. आजूबाजूच्या वाड्यांतून माणसं बोलावली होती. पाटील अंगणात उभे राहून हुकूम सोडत होते, तेवढ्यात धुरपाची हाक ऐकू आली.

"धुरपे, बरी आलीस," पाटील म्हणाले. "उद्या दोनशे माणसाच्या भाकऱ्या व्हायच्या हायेत. आमच्याकडली जाती आळशी झाल्यात. आज गावातल्या एकूण एक जात्याला टाकी लाव. एक राहिलं नाही पायजे."

धुरपाने वर पाहिलं. "एकूण एक, पाटील?"

"ऐकू कमी येतंय का?"

ओसरीवर पाटलांची सून तांदूळ निवडत बसली होती. तिचं नाव साळू. साळू म्हणजे बोरदऱ्याच्या हैबती पाटलांची लेक. उद्या कुरणात एका बाजूला तिचा नवरा आणि सासरा, दुसऱ्या बाजूला तिचा बाप आणि दोन भाऊ. कोण पडलं तरी रडायचं तिनेच. सासऱ्याचं बोलणं ऐकून साळूचा हात सुपातच थांबला. तिने धुरपाकडे पाहिलं, धुरपाने तिच्याकडे.

कारण दोघींना एक गोष्ट ठाऊक होती. जात्याला टाकी लावली की त्याचं पहिलं दळण माणसाने खायचं नसतं. त्यात दगडाची कच येते. ते दळण गुरांना घालायचं, जात्याला एक दिवस द्यायचा आणि मग घरासाठी दळायचं. म्हणून धुरपा कधीही शेजारशेजारच्या जात्यांना एका दिवशी टाकी लावत नसे. एकीच्या जात्याला टाकी लावली की ती दुसरीकडे दळून घ्यायची. आणि पीठ काही तेव्हा कुणी साठवत नव्हतं. रोजचं रोज दळायचं. सगळ्या जात्यांना एकदम टाकी लागली तर दसऱ्याला गावात भाकरी नाही, आणि भाकरी नाही तर शिव ओलांडणं नाही.

पाटील जात्यावर जन्मात बसले नव्हते. त्यांना हे कुठून ठाऊक असणार?

पाटील निघून गेले. साळू उठून धुरपाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, सांगायचं का त्यास्नी?"

"तुझा सासरा. तू सांग."

साळूने सासरा गेला त्या वाटेकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्यांनी इचारलं नाही. आपण सांगायचं नाही."

"पण नुसती कुसळी उपाशी राहून काय होणार?" धुरपा म्हणाली. "बोरदरा भाकरी बांधून येईल की."

"म्हणून तर तुला सांगते. माझ्या आईला गाठ. म्हणावं, साळू म्हणते, उद्याचं पहिलं दळण गुरांना."

धुरपाने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटांना घट्टे पडलेले, अंगठ्याचं नख टाकीने कधीचंच गेलेलं. मग ती पाटलांच्या घरच्या जात्यावर वाकली.

कुसळीत तेव्हा बावीस घरं आणि बावीस जाती. एकटीच्या हाताने ती दिवसात होण्यासारखी नव्हती. साळू म्हणाली, "मला दे एक टाकी." शेजारची म्हणाली, "मलाही." धुरपाच्या झोळीत तीनच टाक्या होत्या, पण त्या दिवशी ज्या बाईने हात पुढे केला तिच्या हातावर टाकी पडली, असं म्हणतात. सगळ्या गावातून टकटक टकटक आवाज उठला. पारावर बसलेले पुरुष म्हणाले, "बघा, बायकांनासुद्धा कसा चेव आलाय!"

तो आवाज वाऱ्यावर बोरदऱ्याला पोचला. हैबती पाटील कान देऊन उभे राहिले. "एवढी जाती एकदम? म्हणजे रावजीने मोठी फौज आणलीय. जेवायला घालायला पीठ लागणार. आपण काय कमी हाय का? बोलवा त्या धुरपाला. आपल्याही सगळ्या जात्यांना टाकी लावून घ्या!"

असं म्हणतात की त्या दिवशी सूर्य डोंगराच्या माथ्यावर टेकून थांबला होता. धुरपा कुसळीचं बाविसावं जातं संपवून, कुरण ओलांडून बोरदऱ्याला पोचली तरी ऊन तसंच होतं. हैबती पाटलांची बायको गिरजाबाई दारातच उभी होती. धुरपाने झोळी खाली ठेवली आणि सात वर्षांत पहिल्यांदा एका गावचा शब्द दुसऱ्या गावात उच्चारला.

"गिरजाबाई, तुमची साळू म्हणते, उद्याचं पहिलं दळण गुरांना."

गिरजाबाई खाली बसली. आधी तिने विचारलं, "जाड झाली का गं, बारीक झाली?" मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "आण इकडं हातोडी."

दसऱ्याची सकाळ झाली. दोन्ही गावांत पुरुष आंघोळी करून, गंध लावून, हत्यारं घेऊन चुलीपाशी आले.

"भाकऱ्या कुठायत?" रावजी पाटील म्हणाले.

"नाहीत, मामंजी," साळू डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली.

"नाहीत म्हणजे?"

"तुम्ही समद्या जात्यांना टाकी लावाय सांगितली. पहिलं दळण गुरांचं असतं."

"चाळून घ्या की!"

"कच चाळणीत अडत नाही."

पाटलांचा विश्वास बसेना. त्यांनी हट्टाने एक भाकरी करायला लावली आणि घास घेतला. कर्रर्र असा आवाज झाला. तो अंगणापलीकडे ऐकू गेला आणि पाटलांची दाढ त्या दिवशी हातात आली, असं म्हणतात. अशी भाकरी म्हसोबाला कशी ठेवणार? एका वाडीहून आलेला म्हातारा हसत म्हणाला, "पाटील, घरातलं जातं सांभाळता येईना, कुरण कसं सांभाळणार?" आणि आपली माणसं घेऊन चालू लागला.

रागाने लाल झालेले रावजी पाटील उरलेल्या माणसांना घेऊन शिवेवर आले. समोरून हैबती पाटील तसेच, रिकाम्या शेल्याने. दोन्हीकडची माणसं म्हसोबाच्या अल्याडपल्याड उभी राहिली. हत्यारं हातात, पण पाऊल पुढे टाकायची कुणाची छाती होईना. मध्ये म्हसोबाजवळ धुरपा बसली होती. ती आपणहून आली होती.

"शब्द कुणी पोचवला?" रावजी पाटलांनी विचारलं.

"मी," धुरपा म्हणाली. तिने उजवा हात म्हसोबाच्या दगडावर ठेवला. "तुमच्या अटीप्रमाणं घ्या. पण वीस घरच्या जात्यांवर मी बसलेय पाटील, जिथला माणूस इथं पडला त्या घरच्या. दळता दळता ती बाई रडते आणि पिठाचा गोळा होतो. ते जातं साफ करायला मलाच बोलावतात. आता माझ्याच्यानं होत नाही."

रावजी पाटलांनी तलवार उचलली. आणि असं म्हणतात की त्याच क्षणी दोन्ही गावांतली सगळी जाती, कुणी खुंट्याला हात लावलेला नसताना, आपोआप फिरू लागली. ती घरघर जमिनीतून आली आणि उभ्या माणसांच्या पायांतून छातीपर्यंत चढली. पाटलांचा हात वरच राहिला.

तेवढ्यात वाळल्या गवतातून घंटा वाजल्या. कुसळीकडून साळू आणि सगळ्या बायका गुरं हाकत येत होत्या, डोक्यावर पिठाच्या पाट्या. बोरदऱ्याकडून गिरजाबाई आणि तिकडच्या बायका तशाच. पहिलं दळण गुरांचं, आणि गुरांची जागा कुरणात. त्या थेट म्हसोबापाशी आल्या आणि थांबल्याच नाहीत.

"साळू, शिव ओलांडू नकोस! भाकरी ठेवली नाहीस," तिचा नवरा ओरडला.

"ती रीत तुम्हा पुरुषांना," साळू म्हणाली. "मी लग्नात एकदा ओलांडून आले. तेव्हा कुणी अडवलं नाही."

ती पलीकडे गेली आणि आईच्या गळ्यात पडली. मग कोण कुसळीची आणि कोण बोरदऱ्याची हे कळेनासं झालं. कुणी आईला शोधत होती, कुणी बहिणीला. एक म्हातारी नुसती नावं घेत फिरत होती. तिच्या लेकीचं उत्तर आलं नाही. लेक तीन वर्षांपूर्वीच बाळंतपणात गेली होती आणि तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती म्हातारी खाली बसली तेव्हा दोन्हीकडच्या पुरुषांनी माना खाली घातल्या.

गिरजाबाई रावजी पाटलांसमोर आली. "इवाईबुवा, तलवार खाली घ्या, हात दुखंल. सात वर्षांत तुमच्या घरी आले नाही, तर सणाचं असं स्वागत करता होय?"

मागे कुणीतरी हसलं. हैबती पाटलांनीच आधी आपलं हत्यार गवतात टाकलं. मग रावजी पाटलांनी.

बोलणी तिथेच बसून झाली. पुरुष कुरणाची वाटणी करायला लागले आणि पुन्हा आवाज चढले. तेव्हा साळू म्हणाली, "वाटणी नको. वाटलं की पुन्हा शिव आली. गवत दोघांचं. आणि राखण आम्ही करू. रोज एक बाई इकडची, एक तिकडची. गुरं कुणाची किती चरली ते आम्ही बघू." दोन्ही पाटलांनी एकमेकांकडे पाहिलं. राखणीला बायका? पण पुरुषांनी सात वर्षं राखण करून गवत वाळवलं होतं. हैबती पाटील म्हणाले, "बसू द्या. बघू." त्यानंतर त्या कुरणात रक्त सांडलं नाही.

धुरपाचा हात राहिला. ती पुढे पुष्कळ वर्षं दोन्ही गावांत टाकी लावत फिरली. आता बायका विचारायच्या, "माझी आई कशी हाय?" आणि ती कामावर वाकल्या वाकल्या सगळं सांगायची. शेवटी एका दसऱ्याला ती कुरणाकडे चालत गेली, ती गवतात दिसेनाशी झाली. कुणाला तिचं प्रेत सापडलं नाही.

आज दोन्ही गावांत गिरण्या आहेत. तरी खांडेनवमीला प्रत्येक घरी जुनं जातं धुऊन त्यावर टाकीचे पाच ठोके मारतात, त्यावर मूठभर ज्वारी भरडतात आणि ती भरड दसऱ्याला दुसऱ्या गावच्या गुरांना घालतात. शिव आधी बायका ओलांडतात. त्या सोनं वाटून परत येईपर्यंत पुरुष म्हसोबाच्या अलीकडे रिकाम्या हाताने उभे राहतात, मग तो सरपंच असो नाहीतर नवा जावई.

आणि कुरणाची राखण अजूनही दोघीजणी करतात, एक इकडची, एक तिकडची. त्या बसतात त्या जागेला धुरपाचं ठाणं म्हणतात. एखाद्या दिवशी एकीला यायला उशीर झाला, तर दुसरी आपली शिदोरी सोडत नाही. वाटेकडे बघत बसून राहते, आणि गावातला जो कुणी तिला तशी बसलेली पाहील त्याने हातातलं काम टाकून दुसरीला बोलवायला धावायचं, असा तिथला नेम आहे.