पाणबुड्या आणि निळी टाचणी

ही गोष्ट मला आठवते तशीच घडली का, याची खात्री देता येत नाही. तळं होतं, हे मात्र नक्की. फार पूर्वी त्या तळ्याकाठच्या गावात एक पाणबुड्या राहत होता. लोकांची विहिरीत पडलेली भांडी तो बुडी मारून काढून द्यायचा.

एका श्रावणात तळं काठोकाठ भरलं आणि पाणी सोडायची मोरी तळाशी काटक्यांनी तुंबली. बांध पाझरू लागला. बांधाखालीच गाव होतं.

पाणबुड्या निघाला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, कमरेला दोर तरी बांधा."

"दोर घागरीला बांधतात, मला नाही!"

"घागर तरी वर येते," बायको म्हणाली.

तो दोनदा खाली गेला. काटक्या हाताला लागत, पण मोरी मोकळी होताच पाणी आपल्याला आत ओढेल, या धास्तीने तो अर्ध्यातूनच वर येई.

दम खात तो काठावर बसला. बायको दोर घेऊन मागोमाग आली होती, पाटील आणि गावकरीही बांधावर जमले होते. पावसाने उघडीप दिली होती. समोर लव्हाळ्याच्या काडीवर टाचण्यांची, म्हणजे चतुरासारख्या दिसणाऱ्या बारीक कीटकांची, एक जोडी उतरली. नर सुईसारखा बारीक, निळाशार, अंगावर काळे पट्टे. असा निळा रंग पाणबुड्याने कधी नीट पाहिलाच नव्हता. नराने शेपटीच्या टोकाने मादीची मान धरली होती. मादी काडी धरून उलट्या पावलांनी पाण्यात उतरली, डोक्यापर्यंत बुडाली आणि काडीत अंडी घालू लागली. वाऱ्याने काडी वाकली, एक लाट दोघांवरून गेली, तरी नराने पकड सोडली नाही. काम झाल्यावर पंख फडफडवत त्याने तिला वर ओढलं.

पाणबुड्या उठला. "आण गं तो दोर," तो म्हणाला.

या वेळी तो कमरेला दोर बांधून खाली गेला आणि खूप वेळ वर आला नाही. मग तळाशी घुर्र आवाज झाला आणि दोराला जबर हिसका बसला. "ओढा!" बायको ओरडली. पाच-सहा जणांनी मिळून त्याला बाहेर काढलं. मोरी वाहू लागली, बांध वाचला.

"एवढा वेळ खाली राहिलास तरी कसा रे?" पाटलांनी विचारलं.

"वर यायची काळजी आज माझ्याकडे नव्हती," तो म्हणाला.

तात्पर्य: खोल उतरणाऱ्याने दोराचं एक टोक काठावरच्या माणसाच्या हाती द्यावं, त्याने हिंमत कमी होत नाही, वाढते.

पुष्कळ वर्षांनी मी कीटकांवरच्या एका पुस्तकात शोधून पाहिलं. पाण्याखाली अंडी घालणाऱ्या टाचणीच्या अंगाला हवेचा पातळ थर चिकटून राहतो आणि त्यावर तिचा श्वास चालतो.