हंड्यांना हात लावू नये

“दोर सोड भिवा, टँकर जाईल,” हौसाक्का तिसऱ्यांदा म्हणाली.

“कलेला हात लावायचा नसतो, आक्का,” भिवाही तिसऱ्यांदा म्हणाला.

हंडे बायकांचे. टँकर चार दिवसांतून एकदा येणारा. आणि मधे हंड्यांभोवती दोर बांधून उभा आमचा भिवा.

प्रत्येक गावात एक तरी भोळा असतो. आमचा नेमका शाळेचा शिपाई झाला. हेडमास्तरांनी एकदा सांगितलं, घंटेवर नजर ठेव. याने दिवसभर नजर ठेवली. वाजवली नाही. पोरं संध्याकाळपर्यंत गणिताच्या तासाला बसली.

मग शहरातून शाल्मली मॅडम आल्या. गाव कसं बदललं ते दाखवायला त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन मांडलं. एका कोपऱ्यात जुन्या चपलांचा ढीग, वर पाटी ‘गाव सोडून गेलेले’. दुसरीकडे अकरा रिकामे हंडे, पाटी ‘तहान’. लोक हसले. हसायचं काय त्यात? ढिगात लेकाची चप्पल ओळखू आली तेव्हा हौसाक्का काही हसली नाही.

मॅडमनी भिवाला सांगितलं, हॉल स्वच्छ ठेवा. भिवाने चपला उकिरड्यावर टाकल्या. मॅडमनी त्या एकेक वेचून आणल्या आणि समजावलं, हा कचरा नाही, कला आहे. भोवती दोर बांधा, पाटी लावा, कुणाला हात लावू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी सरपंच आले. चपला दाराशी काढून आत गेले. बाहेर येतात तर चपलांभोवती दोर आणि वर पाटी, ‘गाव सोडून गेलेले’. सरपंच अनवाणी घरी गेले. विरोधी पार्टीने फटाके वाजवले.

मॅडमनी पुन्हा समजावलं. सहज काढून ठेवलेलं ते कला नव्हे. जे कुणी विचार करून, ओळीने मांडलंय, ती कला. भिवाने मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी बायकांनी टँकरसाठी वडाखाली हंडे नंबराला लावले. विचार करून. ओळीने.

विहीर आटल्यापासून तिचा जाडजूड दोर रिकामाच होता. भिवाने तो आणला, हंड्यांभोवती फिरवला आणि पाटी लावली, ‘तहान. हात लावू नये.’

टँकर आला. ड्रायव्हर म्हणाला, पुढचं गाव वाट बघतंय, पाच मिनिटं थांबतो. बायकांनी भिवाच्या सात पिढ्या काढल्या. भिवा ढिम्म.

गलका ऐकून मॅडम धावत आल्या. त्यांनी पाटी वाचली. ओळीकडे बघितलं. फोटोसाठी मोबाइल वर केला, हौसाक्काचा चेहरा दिसला, आणि मुकाट्याने खाली केला.

“भिवादादा, हे मी नाही मांडलं, यांनी मांडलंय. ज्याने मांडलं त्याचंच ऐकायचं.”

हे भिवाला पटलं. त्याने दोर सोडला, वेटोळं खांद्यावर टाकलं आणि हौसाक्काच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

तेवढ्यात पाच मिनिटं संपली. ड्रायव्हरने पाइप गुंडाळला आणि इंजिन सुरू केलं. बायका टँकरला आडव्या गेल्या. ड्रायव्हर त्यांच्यावर खेकसला, बायका त्याच्यावर, मॅडम हात जोडत मधे. कुणाचं कुणाला ऐकू येईना.

हौसाक्का तेवढी ओरडली नाही. तिने टँकरकडे बोट केलं.

“भिवा, ह्यो टँकरबी आम्हीच मांडलाय, चार महिने अर्ज करून, बांध त्याला वडाला.”