पदरापाशी तुटणारा दोरा

“सुई बदलून बघितलीस?”

“बघितली, बाबा.”

“आन् दोरा?”

“तोही बदलला. ताण सैल केला, घट्ट केला. शटल काढून पुसलं, तेल घातलं. शेवटी मिस्त्री बोलावला. तो म्हणाला, मशीनला काही झालेलं नाही. तरी तुटतोच.”

चिंधीनाथबाबांनी मान हलवली. मांडीवरची चिंधी तळहाताने सपाट केली, तिची घडी घातली आणि दुसरी उचलली. 

दमयंती लचकेला असा संथपणा सोसत नसे. तालुक्याच्या गावी तिचा शिवणाचा क्लास होता आणि मशीनवर गोधडी शिवणं म्हणजे तिच्या हातचा मळ. क्लासातल्या एखाद्या पोरीचा दोरा तुटला आणि तिने मशीनला नावं ठेवली, की दमयंती सगळ्यांदेखत म्हणायची, “नाचता येईना, अंगण वाकडं.” आता तिचंच अंगण वाकडं झालं होतं. पोरींना पत्ता लागायच्या आत ते सरळ करायला हवं होतं.

खरी घाई त्याहून वेगळी होती. तिची एकुलती एक लेक रेवती बाळंतपणाला माहेरी आली होती आणि डॉक्टरीणबाईंनी आज-उद्या म्हणून सांगितलं होतं. दमयंतीची आई गेल्या पावसाळ्यात गेली. जाण्याआधी ती एवढंच बोलली होती, “माझ्या लुगड्याची गोधडी रेवतीच्या बाळाखाली घाल. तूच शिव, दुसऱ्या कुणाला देऊ नको.” दमयंतीने हो म्हटलं होतं. एकदा हो म्हटलं की ती मागे फिरणारी बाई नव्हे.

गोधडी तिने रीतीप्रमाणेच धरली होती. कडेने सुरुवात, मग ओळीच्या आत ओळ, चौकोन लहान लहान करत मध्यापर्यंत. भोवताली जावेची आणि शेजारणींची जुनी पातळं आणि मधोमध आईच्या लुगड्याचा पदर. कडेच्या ओळी सपासप झाल्या. पदराच्या काठाशी सुई आली आणि ताडकन दोरा तुटला. ओवला, पुन्हा तुटला. दोन दिवस हेच चाललं होतं. पदराच्या काठाला तुटक्या दोऱ्यांची दाढी उगवली.

जावेनेच बाबांचं नाव सुचवलं. डोंगराच्या पायथ्याला नाथपंथी साधूंचा लहानसा मठ होता, तिथे हे बाबा राहत. पूर्वाश्रमी ते शिंपी होते म्हणतात. लोकांच्या चिंध्या गोळा करायच्या, धुवायच्या, पायमशीनवर गोधड्या शिवायच्या आणि थंडीने काकडत येईल त्याच्या अंगावर घालायच्या, एवढाच त्यांचा जप. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. आपल्याच धंद्यातलं दुसऱ्याला विचारायला जाणं दमयंतीच्या जिवावर आलं होतं. पण शब्द मोडणं त्याहून अवघड होतं. सकाळच्या एसटीने ती गोधडीचं गाठोडं घेऊन मठात आली.

“मला नुसतं कारण सांगा,” ती म्हणाली. “नीट मी करीन.”

बाबांनी बोटाने कोपऱ्यातलं मशीन दाखवलं.

ती पदर खोचून बसली. बाबांनी आधी तिच्यापुढे चिंध्यांची एक जाडजूड चवड सरकवली. तिने मशीनखालचा पायटा मारला, या कडेपासून त्या कडेपर्यंत शिवण घातली. सरळ, एकसारखी. दोरा काही तुटला नाही.

“म्हणजे मशीन तुमचं चांगलं आहे,” दमयंती म्हणाली, आणि तिला बराच धीर आला.

मग तिने स्वतःची गोधडी लावली. पदराच्या काठाशी सुई आली...

ताडकन.

बाबा उठले. तिला हाताने बाजूला व्हायला सांगून स्वतः बसले, दोरा ओवला आणि त्याच काठावरून वीतभर शिवण घालून थांबले. दोरा शाबूत होता.

दमयंतीचं तोंड उतरलं. मशीन बाबांचं, सुई बाबांची, दोरा बाबांचा, गोधडी तीच. मग राहिलं कोण? हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिला ते चांगलंच झोंबलं.

बाबा पुढे शिवायला लागणार, तोच तिने गोधडीवर हात ठेवला.

“थांबा, बाबा. तुमची शिवण मी उसवते.”

“का गं? चांगली हाय की.”

“चांगलीच आहे. पण आईनं तूच शिव म्हणून सांगितलंय.”

बाबा हसले आणि त्यांनी स्वतःच तिच्या हातात कात्री दिली. तिने टाका टाका करून ती वीतभर शिवण उसवली. पुन्हा मशीनवर बसली, ओठ घट्ट मिटून. पुन्हा दोरा तुटला. तिने ओवला. पुन्हा तुटला. तिने पुन्हा ओवला. हट्टाला पेटलेल्या दमयंतीला जेवणाची आठवण राहत नाही, हे तिच्या घरी सगळ्यांना माहीत होतं. मठातही ते कळायला वेळ लागला नाही. भाकरी झाकून ठेवली गेली.

बाबा शेजारी येऊन बसले. ते सुईकडे बघत नव्हते. तिच्या हातांकडे बघत होते.

“ह्यो पदर कुणाचा?”

“आईचा.”

“आन् ही भवतीची?”

“जावेची आहेत, शेजारपाजारची आहेत.”

“धुतलीस?”

“धुतली ना. उकळत्या पाण्यात घालून, उन्हात वाळवून घेतली.”

“पदर?”

दमयंतीने पायट्यावरचा पाय काढून घेतला.

“...नाही.”

 

मग तिने आपणहून सांगितलं. अजून वास आहे त्याला. मिश्रीचा, खोबरेल तेलाचा, आईच्या मानेचा. कपाट उघडलं की येतो. बाळाखाली घालायचं म्हणजे गोधडी एकदा उकळून धुवावी लागणार, हे काय तिला कळत नव्हतं? कळत होतं. शिवून झाली की धुवायची, आणि धुतली की आई घरातून गेली. हे तिने जावेला सांगितलं नव्हतं, रेवतीला नव्हतं, स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. बोलता बोलता तिला स्वतःचाच राग आला.

“पण मी हात थांबवला नाही, बाबा. देवाशपथ. मी शिवतच होते.”

 बाबांनी तिचा डावा हात मनगटाशी धरून तिच्याच डोळ्यांपुढे आणला. पदराचा काठ मुठीत आवळून आवळून बोटांची पेरं पांढरी पडली होती आणि तळव्यात कापडाचे वळ उठले होते.

दमयंती हाताकडे बघत राहिली. क्लासात नव्या पोरीला पहिल्या दिवशी ती हेच शिकवायची. मशीनचे दाते कापड पुढे नेतात, आपण ते मागे ओढायचं नाही. ओढलं की सुई वाकते आणि सुई वाकली की दोरा तुटतो. काल आलेल्या पोरीची चूक तिच्या हातून होत होती आणि ती मशीनला तेल पाजत होती.

बाबा मशीनच्या पलीकडे जमिनीवर बसले. टेबलावरून खाली लोंबणारा गोधडीचा भार त्यांनी उचलून आपल्या मांडीवर घेतला.

“हात काढ.”

“शिवण वाकडी जाईल.”

“जाऊ दे.”

“बाबा, ही बाळाची गोधडी आहे...”

“काढ.”

तिने हात उचलले. कुठे ठेवायचे ते कळेना, म्हणून ते तसेच छातीपाशी धरले आणि पायटा मारला. दात्यांनी कापड पुढे नेलं. सुई काठावर आली, काठातून पदरात शिरली.  सुई आईच्या पदरातून टाका टाका करत पलीकडच्या काठाला निघाली, आणि दोरा तुटला नाही.

शिवण थोडी नागमोडी गेली होती. एखाद्या पोरीने अशी घातली असती, तर दमयंतीने ती तिच्याकडून तीनदा उसवून घेतली असती. ही तिने उसवली नाही. डोळे पुसले, तळवे गोधडीवर अलगद टेकवले आणि पुढची ओळ घेतली. मग तिच्या आतली. भराभर नाही, पण न थांबता. उन्हं कलायच्या आत ती गोधडीच्या मध्यावर आली, तिथे गाठ मारली आणि दोरा स्वतःच्या हाताने कापला.

मग ती भाकरी खायला उठली नाही. गोधडीची घडी घालून तिने ती दोन्ही हातांनी उराशी धरली आणि पदर वर आला होता तिथे नाक खुपसून बसली. बाबांनी तिला बसू दिलं...

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली.

“धुवायचीच का, बाबा?”

“धू. बाळ आपला नवा वास घिऊन येतंय.”